खिडकीतली जागा

लेकीने दुकान भाड्याने घेतलं तेव्हा त्याची समोरची काच आतून चुन्याने माखलेली होती. आधी तिथे कोण होतं हे गल्लीत कोणालाच नीट आठवत नव्हतं. काच मात्र भिंतीएवढी मोठी, अखंड.

बाप शिंपी, लेकही शिंपीच. बापाला सगळे मास्तर म्हणत. त्याने उभा जन्म एका जिन्याखालच्या खोपटात मशीन चालवली होती. डोक्यावरून माणसं चढायची-उतरायची, त्यांच्या पायांची धूळ शिवलेल्या कपड्यांवर पडायची, आणि सुई ओवायला भर दुपारी दिवा लावावा लागायचा. त्याने शिवलेले कपडे सगळ्या गल्लीने अंगावर घातले, पण त्याला शिवताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी चुना खरवडताना उन्हाची पहिली तिरीप आत आली आणि त्याच्या मनगटावर पडली, तेव्हा तो हातातली पत्र्याची पट्टी तशीच धरून बघत राहिला.

"बाबा, हात चालवा. ऊन काय पळून जातंय?" बाहेरून काच पुसणारी लेक ओरडली.

बायको दारात उभी राहून हुकूम सोडत होती. "मी म्हणते, पडदा लावा. येणारंजाणारं प्रत्येक माणूस आत डोकावणार."

"आई, पडदाच लावायचा तर भिंत काय वाईट होती? आपण पुतळा उभा करू. त्याच्या अंगावर झकास झगा."

"पुतळा कशाला?" मास्तर हळूच म्हणाला. "तू बस तिथे. मशीन घेऊन."

"मी काय शोभेची वस्तू आहे?"

"शोभेची नाहीस. कारागीर आहेस. बघू दे की लोकांना."

लेक हसली आणि तिने विषय टाळला. दुकान तिचं, त्यामुळे पुतळा ठरला. मास्तरने मान डोलावली, पण ती जागा त्याच्या मनातून जाईना.

चुना निघाला, काच लख्ख झाली. एकच डाग राहिला. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, धुरकट, वाटोळा.

"बाबा, तो तुमच्या बाजूला आहे."

"माझी बाजू पुसून झाली. तुझ्या बाजूला असेल."

"अहो, दोघंही जन्मभर मापं घेता, आणि काचेची एक बाजू कळेना तुम्हाला?" असं म्हणत बायको पुढे आली. तिने आतून बोट फिरवलं. मग बाहेर जाऊन फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. डाग तसाच. काचेला नाक लावून कोणी श्वास सोडावा, तसा जरासा वाढल्यासारखा वाटला, आणि पुन्हा आक्रसला.

"काच जुनी आहे," मास्तर म्हणाला. "असेल काहीतरी तिच्या पोटात."

पुतळा आला. लेकीने स्वतः बेतलेला निळा झगा त्याच्या अंगावर चढवला. घेर अजून कच्च्या टाक्यावर होता. लांब लांब पांढरा दोरा, नंतर उसवून टाकायचा. पुतळ्याशेजारी तिने एक खुर्ची ठेवली आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी मास्तर रंगाचा डबा पोचवायला गेला, तर पांढरा दोरा निघालेला आणि घेराची तुरपाई झालेली. त्याने चष्मा पुसून पाहिलं. टाके इतके बारीक की कापडाने नुसते सुईचे ठिपके गिळले असावेत. आपल्या हाताला हे कधी जमलं नव्हतं. पोरगी पुढे गेली! तो लेकीला काहीच बोलला नाही. तोंडावर कौतुक करायची त्याला सवय नव्हती.

मग त्याने गल्लीभर सांगितलं.

बेकरीवाला म्हणाला, "मला काय सांगता मास्तर? मी पहाटे भट्टी पेटवायला येतो तेव्हा तुमची लेक खिडकीत बसलेली असते. दिवासुद्धा लावत नाही. मान वर नाही की हात थांबत नाही. नजर काय तेज हो पोरीची!"

"माझ्यावर गेलीय," मास्तर म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने जरुरीपेक्षा दोन पाव जास्त घेतले.

रोज काही ना काही शिवून झालेलं असायचं. काज, गळपट्टी, बाहीची चूण. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दुपारी, दोघं फळ्या ठोकत असताना, लेकच म्हणाली, "बाबा, एक बोलू? तुम्ही हे सगळं शिवून ठेवता ना... मला इतका अभिमान वाटतो तुमचा. या वयात असा टाका!"

मास्तरच्या हातातला हातोडा खाली आला.

"मी? अगं, मी तर समजत होतो, तू..."

दुकानात ताज्या रंगाचा वास होता. त्याच्या आडून ओल्या चुन्याचा वास येत होता, पण चुना तर केव्हाच झाडून बाहेर टाकला होता.

"थट्टा करताय ना?"

मास्तरने झग्याचा घेर उलटून उजेडात धरला. डोळ्यांत कौतुक होतं तोवर जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. टाके सगळे दुसरीकडे झुकलेले होते. असे टाके डावखुऱ्या हातानेच पडतात. त्या घरात डावखुरं कोणी नव्हतं.

"किल्ली?" त्याने विचारलं.

"माझ्या उशाशी असते... बाबा, बेकरीवाले काका पहाटे कोणाला बघतात?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. काचेवरचा डाग वाढला, आक्रसला.

"मला नको ही काच," लेक पुटपुटली. "पुन्हा चुना लावू. नाहीतर दुकानच सोडू."

घाबरला मास्तरही होता. पण दुकान सोडणं हे शब्द कानावर पडले आणि त्याला तो जिना आठवला, ती धूळ आठवली. आपल्या पोरीने पुन्हा अंधारात जाऊन बसायचं? कोणाच्या भीतीने?

"ऐक, बाळ," तो म्हणाला. "जागा रिकामी आहे म्हणून कोणी बसतंय. पुतळा काय, त्याला कोण विचारतो? उद्यापासून तिथे तू बस. मालकीण बसल्यावर दुसरं कोण बसेल?"

तिने पुतळ्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "तुम्ही दुकानात थांबाल?"

"दिवसभर."

तेवढ्यावर ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत मशीन लागली आणि लेक केस वर बांधून तिच्यासमोर बसली. सकाळच्या उन्हात तिचे हात असे चालत होते की शाळेला निघालेली पोरंसुद्धा थबकली. बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. मास्तर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. डाग दिसत नव्हता. एवढी मोठी काच, आणि तिच्यात त्याची लेक! आपणच तिथे बसलो आहोत, असं त्याला वाटलं. बेकरीवाल्याने पाठीवर थाप मारली तेव्हा त्याला मान वर करवेना, इतकं भरून आलं होतं.

तो आत आला. पहिलं गिऱ्हाईक बाकावर बसून होतं. इस्पितळात काम करणारी एक नर्स, मांडीवर कापडाची पिशवी.

"या ताई, माप घेऊ," मास्तरने टेप उचलली. "माझी बायको घेईल."

"सावकाश होऊ दे," ती समजूतदारपणे म्हणाली. "मी थांबते. आधी तुमच्या मुलीचं तरी पुरं होऊ दे."

"मुलीचं काय?"

"माप हो. त्या दुसऱ्या बाई घेत होत्या ना, तिच्या मागे उभ्या राहून. गळ्याचं तर दोनदा घेतलं त्यांनी. कारागीर असावा तर असा."

मास्तर वळला.

लेकीच्या मागे कोणी नव्हतं. मशीन एकसारखी चालू होती आणि ती कामात इतकी बुडाली होती की तिला काही कळलं नव्हतं. ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. केसांच्या खाली, या कानापासून त्या कानापर्यंत, खडूची एक ताजी पांढरी रेघ होती. कात्री लावायच्या आधी शिंपी कापडावर मारतो, तशी.

आणि भीतीने छाती दाबून यायच्या आत, जन्मभराच्या सवयीने, मास्तरच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की रेघ काय सरळ आलीय.