काशीदच्या रिसीव्हरची ओळख

एसटी काशीदच्या फाट्यावर बंद पडली, वाऱ्याने छत्री उलटी केली आणि नेत्रा समोर दिसलेल्या पहिल्या उघड्या दारात शिरली. ते मच्छीमार सोसायटीचं ऑफिस होतं. आत एक तरुण कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसला होता.

"पाऊस थांबेपर्यंत बसू का?"

"बसा ना." त्याने वर पाहिलं. डोळे सुंदर होते... पण भेदरलेले.

"काय झालं?"

"होड्यांचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर जळला. आज नवा जोडला, तर मशीन ओळखच देत नाही. बाबांची होडी बाहेर आहे. फोन लागत नाही."

नेत्रा अलिबागची. घरी बसून एका कंपनीसाठी लिनक्स या संगणक प्रणालीचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम, लिहायची. तिने ओल्या ओढणीला हात पुसले आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"बसवर तर दिसतोय. पण ड्रायव्हर घेत नाहीये त्याला."

"मॅडम, तुमची बस फाट्यावर आहे..."

तिला हसू फुटलं. "ही मशीनमधली बस हो! तिच्यावर नवं काही जोडलं की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नंबर बघून ड्रायव्हर शोधतो. कंपनीने आतली चिप तीच ठेवलीय, नंबर बदललाय. म्हणून त्याचा खरा ड्रायव्हर म्हणत नाही, हा माझा."

"बिचारा," तो पुटपुटला.

तिने ड्रायव्हरमध्ये नवा नंबर घातला, तो नव्याने तयार केला आणि मशीनवर चढवला. पडद्यावरचा होड्यांचा नकाशा कोराच. त्याचा चेहरा उतरला.

"थांबा — दुसऱ्याच एका ड्रायव्हरने आधी पकडून ठेवलाय."

तिने त्याच्या हातून तो सोडवला. आणि निळ्या नकाशावर ठिपके उमटू लागले... एक, आणखी एक. शेवटचा, त्याच्या बाबांच्या होडीच्या नंबराचा, रेवदंड्याच्या खाडीत, किनाऱ्याला लागून.

"बाबा!" तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. "खाडीत शिरलेत. सुखरूप आहेत." आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

नेत्राच्याही जिवात जीव आला. त्याचं नाव चंदर, हे तिला त्यानंतर कळलं.

गोष्ट तिथेच संपायची. पण मशीनवर कर्नलचं अपडेट आलं की तिने घातलेला ड्रायव्हर नव्याने तयार करावा लागे. चंदरचा फोन येई, "मॅडम, पुन्हा गेला." ती येई. काम चहा निवायच्या आत होई; गप्पा मात्र दिवस कलेपर्यंत. 'मॅडम'ची 'नेत्रा' झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. पुढचं मात्र कुणीच बोलेना.

मग एका दुपारी ती आली.

"मी तो बदल लिनक्सवाल्यांकडे पाठवला होता," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्यांनी घेतला. आता नव्या कर्नलमध्ये तो आपोआप येईल."

"म्हणजे?"

"म्हणजे... आता मला यायला कारण नाही."

बाहेर सुरूच्या झाडांतून वारा सळसळत राहिला. चंदर टेबलाची कड नखाने खरवडत होता.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना?" त्याचे कान लाल झाले. "इतकी अपडेट काही आपोआप होत नव्हती. मीच करत होतो... मुद्दाम."

"होड्या समुद्रात असताना?"

"छे! सगळ्या किनाऱ्याला लागल्यावरच. शपथ!"

तिने रोखून धरलेला श्वास सोडला. मग हळूच म्हणाली, "मलाही सांगायचंय. ते काम मी अलिबागहून, घरबसल्या करू शकले असते. पहिल्या दिवसापासून."

तो बघतच राहिला. "मग एवढ्या लांब, एसटीचे धक्के खात..."

"धक्के खायला नाही रे येत, वेड्या!"

चंदरने तिचा हात हातात घेतला. किती सोपं होतं हे... आणि किती दिवस दोघं उगाच घाबरत होती!

तेवढ्यात दारात चंदरचे बाबा, हिरामण, उभे. हातात सुरमई, चेहऱ्यावर मिशीत दडलेलं हसू.

"मशीन नीट झाली का रं?"

"व्हय बाबा," चंदर हात न सोडताच म्हणाला. "आता न्हाय बिघडायची."

"बरं झालं. मग पोरीला घरी आण. जेवायला थांबू दे."