धुक्यात भरलेला चेहरा

विक्री थांबून पंधरा वर्षं झालेल्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड लोकांसाठी खुला करायचा, असा कायदा झाला, तेव्हा सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या कंपन्यांनी. तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. नुकसानभरपाई मागायची मुदत विक्री थांबल्यापासून चौदाच वर्षांची होती!

‘नेत्रांकुर-२’ या कृत्रिम डोळ्यांचा कोड खुला झाला आणि आठवड्याभरात ऋजुता पेडणेकर पुण्याला डॉ. अल्पना दिघे यांच्याकडे आली. जुने कोड वाचणं हेच डॉ. दिघ्यांचं काम. लहानपणी तापात दृष्टी गेलेल्या ऋजुताला बाराव्या वर्षी हे डोळे बसवले होते; पुढे ते बदलून नव्या मॉडेलचे बसवले.

“सोळा वर्षांची असताना मी आंबोलीच्या धुक्यात एक माणूस पाहिला,” ती म्हणाली. “काजूच्या कारखान्याला आग लावून पळताना. आतला रखवालदार जळून मेला. मी पोलिसांना सांगितलं, ते माझे बाबा होते. मला खरंच ते दिसले का?”

डॉ. दिघ्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. धुक्यात या डोळ्यांना चेहऱ्याचा थोडाच भाग मिळे. अर्धवट चेहरा मेंदूत गेला की रुग्णांना भोवळ येई. म्हणून ‘पूर्तिका’ लिहिली गेली. न दिसलेला भाग साठवलेल्या चेहऱ्यातून भरून काढणारा हा एक छोटासा प्रोग्रॅम होता.

“कोणाच्या चेहऱ्यातून?”

“ज्याच्याकडे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ पाहिलंत, त्याच्या.”

आई नव्हतीच. दृष्टी आल्यावर ती दिवसचे दिवस बाबांकडेच बघत बसायची.

“म्हणजे ते नव्हते?”

“तसंही कोड सांगत नाही. चेहरा डोळ्यांनी भरला, एवढंच तो सांगतो.”

“पण त्यांनी गुन्हा कबूल केला होता!”

त्या कबुलीवर ती सतरा वर्षं निर्धास्त राहिली होती. शिक्षा भोगून ते कुडाळला एकटे राहत होते, हे माहीत असूनही तिने एकदाही फोन केला नव्हता. तिने तिथूनच केला.

“बाबा, माका धुक्यात नीट दिसूक नाय होता.”

“ठाऊक आसा गो.”

“मग तुमी कबूल कित्याक केल्यात?”

“तुझे डोळे खोटे ठरले असते, तर कंपनीन ते काढून न्हेले असते. करारात तसा लिवलेला होता. तू परत आंधळी झाली असतंस.” मग ते म्हणाले, “आता येऊन बघ एकदा. लय म्हातारो झालंय मी.”

ऋजुताने डोळे पुसले आणि डॉ. दिघ्यांना विचारलं, “माझ्या आताच्या डोळ्यांत पूर्तिका आहे? मला ते आता आहेत तसे दिसतील ना?”

“ठाऊक नाही,” डॉ. दिघे म्हणाल्या. “त्यांचा कोड अजून बंद आहे.”