सॉलिड भिंत

चाळिशीनंतर माणसाला एक छंद लागला तर घरचे कौतुक करतात. दोन लागले तर डॉक्टरचा नंबर शोधतात. मला दोन होते. एक, झटपट फोटोचा कॅमेरा. बटण दाबलं की जीभ दाखवल्यासारखा फोटो बाहेर काढणारा. दुसरा, संगणकावर गेम बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर. त्यात मी तीन वर्षांत सात गेम सुरू केले होते आणि एकही संपवला नव्हता.

फोटो उमटेपर्यंत अंधारात आणि उबेत राहावा म्हणून मी तो काखेत धरतो आणि मग घरभर शोधत हिंडतो. "काखेत कळसा," बायको मान वर न करता म्हणते. उरलेली अर्धी म्हण ती वाया घालवत नाही.

या दोन्ही छंदांना घरात प्रतिष्ठा मिळाली ती सासऱ्यांमुळे. बाबांनी नोकरीभर जमिनी मोजल्या. अजूनही कुठल्याही खोलीत शिरले की पावलं मोजतात आणि लांबी-रुंदी सांगतात, अगदी अचूक. फक्त ती खोली कोणाची, हे त्यांना सांगता येईनासं झालं होतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना वाटेत हरवायचे. सहा महिन्यांपूर्वी तर सरळ दाराबाहेर पडले आणि चार तासांनी एका पेट्रोल पंपावर सापडले. पंप मोजत होते.

तेव्हा मेव्हणा फोनवर म्हणाला, "अजून एकदा असं झालं, तर मी बाबांना संस्थेत ठेवणार. मग रडायचं नाही." बायको रडली नाही. तिने दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

डॉक्टर म्हणाले, रस्ता पुन्हा पुन्हा गिरवून घ्या. मी घरातल्या प्रत्येक खोलीचे झटपट फोटो काढले, ते संगणकात घेतले आणि त्यांचा गेम केला. चौकटीच्या शर्टातला एक छोटा म्हातारा, बाणांच्या बटणांनी चालणारा. पलंगावरून उठायचं, पॅसेजमधून जायचं, डावीकडे बाथरूम. पोचलं की टाळ्या. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भिंतीवर एक चौकोन आखून 'सॉलिड' या शब्दापुढे बरोबरची खूण करावी लागते. केली नाही, तर भिंत नुसती दिसते, अडवत नाही. आमच्या कॉलेजात सॉलिड म्हणजे झकास. इथे सॉलिड म्हणजे डोकं आपटणार. भिंतीला आपटल्यावर येणारा 'ठक' आवाज मी बाबांचीच चप्पल टेबलावर मारून रेकॉर्ड केला होता.

पॅसेजच्या टोकाच्या भिंतीला मी ती खूण करायला विसरलो.

चौथ्याच दिवशी बाबांचा छोटा म्हातारा त्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून आरपार गेला आणि पडद्यावर नुसता काळोख राहिला. बाबा मात्र शांतपणे बटणं दाबत होते.

"बाबा, तिथे काही नाहीये."

"आहे की. नऊ पावलं लांब, सहा रुंद." पुढचं बटण दाबत म्हणाले, "हवा छान आहे, जावईबापू."

त्या भिंतीपलीकडे हवाच आहे. तिसऱ्या मजल्यावरची. ती बिल्डिंगची बाहेरची भिंत.

पण बाबा सुधारत होते. न चुकता बाथरूमला जाऊ लागले, मुलीला नावाने हाक मारू लागले. चालणाऱ्या गोष्टीत बोट घालू नये, एवढं मला सॉफ्टवेअरने शिकवलं होतं. खूण तशीच राहिली. नंतर पॅसेजचा नवा फोटो काढला तेव्हा बाकी सगळं उमटलं, टोकाची भिंत दहा मिनिटं मागे राहिली. उमटली तेव्हा तिच्या तळाशी, फरशीला लागून, उजेडाची एक बारीक रेघ होती. फिल्म जुनी असेल म्हटलं. झटपट फोटोवाल्यांचं हे सगळ्याला उत्तर असतं.

मग तो रविवार. सकाळी मी कॅमेऱ्यात नवीन पाकीट भरलं. आठ फोटो. पहिला बाबांचा काढला आणि कॅमेरा त्यांच्याच टेबलावर विसरलो. दुपारी चारला बायको दाराजवळ इस्त्री करत होती आणि मी गेम उघडून बसलो होतो. ती न केलेली खूण दिसली. रिकामा वेळ आणि नीटनेटकेपणा एकत्र आले की माणूस नुकसान करतो. मी खूण केली, सेव्ह केलं.

दहा मिनिटांनी बायको दारात. "बाबा तुझ्याकडे आहेत?"

नव्हते. त्यांच्या खोलीत नव्हते, बाथरूममध्ये नव्हते. कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात, गॅलरीला जाळी. पलंगाखाली पाहिलं, कपाटं पाहिली, वॉशिंग मशीनसुद्धा उघडलं. बाबा त्यात मावणार नव्हते, पण पाहिलं. टेबलावरचा कॅमेराही नव्हता. वॉचमनला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दुपारपासून फक्त मांजर गेलंय."

बायको पलंगाच्या कडेवर बसली. बाबांची उशी तिने मांडीवर घेतली होती.

"दादाला सांगायला हवं," ती म्हणाली. "आणि सांगितलं, की संपलं."

"पाच मिनिटं थांब."

"पाच मिनिटांत तू काय करणार आहेस?"

तेवढ्यात माझ्या खोलीतून आवाज आला.

ठक.

मी जाऊन पाहिलं. गेम चालूच होता. पडद्यावर पॅसेज. पॅसेजमध्ये कोणी नाही.

ठक. ठक.

बटणांना कोणाचाही हात नव्हता. आवाज भिंतीचा होता. पलीकडून.

मी खूण काढली. सेव्ह केलं.

आवाज थांबला.

मग चपलेचा आवाज. एकाच पायाचा.

बाबा पॅसेजमध्ये कॅलेंडरसमोर उभे होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, एक हात काखेत. बायकोने त्यांना मिठी मारली आणि दोन महिने राखून ठेवलेलं सगळं रडून घेतलं. बाबा तिच्या पाठीवर थोपटत तिचं नाव घेत राहिले. मी आधी माघारी धावलो आणि ती खूण पुन्हा केली. सेव्ह केलं. एकदा नाही, तीनदा.

मग आम्ही तिघं चहा प्यायलो. असा चहा मी पूर्वी प्यायलो नव्हतो. बायकोने गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. मेव्हण्याला फोन करायचा नाही, हे न बोलताच ठरलं. कुठे होते, कसे होते, हेही कोणी विचारलं नाही. माणूस सापडला की पत्ता विचारू नये.

बाबांनी काखेतून फोटो काढला. व्यवस्थित उमटला होता. एका खुर्चीवर बाबा, दोन्ही हात गुडघ्यांवर, एका पायात चप्पल, मागे कोरी भिंत. बाबा हसत होते.

बायको म्हणाली, "छान आलाय. कोणी काढला?"

"हे काय, यांनीच," बाबांनी माझ्याकडे हात केला. "किती वेळ मागे लागले होते. हसा बाबा, हसा. मग दार उघडलं, तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी दुसरी चप्पल शोधून आणतो."

बायको हसली. मीही हसलो. विसरभोळ्या माणसाचं हसण्यावारी नेता येतं, हा घरात फार मोठा आधार असतो.

बाबांनी बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"पण जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही माझ्याआधी कसे पोचलात?"

आतल्या खोलीत ठक झालं.

मी उठलो आणि संगणकाचा आवाज बंद केला.

याला चार महिने झाले. बाबा उत्तम आहेत. मेव्हणा येऊन गेला, म्हणाला, घरचं वातावरण मानवलंय. बाबांना नव्या चपला आणल्या. खूण मी रोज सकाळी तपासतो, असते.

बाबांबरोबर परत न आलेल्या कॅमेऱ्यात तेव्हा सहा फोटो शिल्लक होते. त्यातले पाच आतापर्यंत पॅसेजच्या टोकाला, भिंतीखालून बाहेर आले आहेत. कॅमेऱ्यातून येतात तसे, हळूहळू, पांढरी कडा आधी. पाचांतही एकच भिंत आहे, पलीकडच्या बाजूने. दर फोटोत ती थोडी जवळ आलेली असते.

सहावा अजून आलेला नाही. फिल्म जपून वापरतोय तो. मीही तेच केलं असतं.