हायवेखालचं रडणं

"निजलेल्या पोऱ्याला घेऊन त्या बोगद्यातनं जाव नको गो. आन गेलीसच, त आधी उठव त्याला. नाव घेऊन हाक मार."

निशिगंधा हसली होती.

ती हसली, हे तिनेच मला सांगितलं. निशिगंधा माझी मावसबहीण. एम.कॉम. झालेली, नवस-सायास न मानणारी. घडलेलं जसंच्या तसं लिहितेय. पटलं नाही तर सोडून द्या, पण अर्धवट वाचून उठू नका. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. चांगली लख्ख दुपार होती.

ठाण्यात माजिवड्याहून आग्रा रोड नाशिककडे निघतो, त्याला लागून एक गाव आहे. नाव लिहीत नाही. रस्ता रुंद होत गेला आणि गाव मधोमध चिरलं. पलीकडे जुनी वस्ती, बाजार, दवाखाना. अलीकडे नवे टॉवर. त्यातल्या एकात सोळाव्या मजल्यावर निशिगंधा, तिचा नवरा विनीत आणि नऊ महिन्यांचा सम्यक.

"इथून आग्र्याला जाता येतं, समोरच्या मेडिकलमध्ये जाता येत नाही," असं विनीत म्हणायचा. खोटं नव्हतं. रिक्षा केली तर पार जंक्शनपर्यंत जाऊन यू-टर्न. ट्रॅफिक असलं तर तासही जायचा.

नाहीतर तो बोगदा. रस्त्याच्या पोटातून पायी जायचा.

बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी कमळाबाईचं तीन मजली घर आहे. जुनी गाववाली बाई. अर्धी भातशेती रस्त्यात गेली, अर्धी टॉवरखाली. दारात खुर्ची टाकून बसते आणि टॉवरवाल्यांकडे असं बघते, जसं काही ते तिच्याच ताटात जेवतायत.

त्या दुपारी निशिगंधा सम्यकला इंजेक्शन देऊन परत निघाली होती. रडून रडून तो तिच्या खांद्यावर झोपला होता. तेव्हा कमळाबाईने तिला अडवलं आणि सुरुवातीला लिहिलंय ते सांगितलं.

"इथं आमची वेस होती," ती म्हणाली. "बाहेरून निजलेलं पोर आणलं की बाई वेशीवर थांबायची. उठवायची त्याला. नाव घेऊन सांगायची, चल घरी. निजलेलं पोर अंगात नसतं गो, आईच्या मागं मागं चालतं. वेशीवर अडतं."

"अहो मावशी, आत्ता कुठे झोपलाय. उठवला तर तुम्ही सांभाळाल का?"

"मी कशाला सांभाळू? तुझा हाय ना? वेस गाडून वरनं गाड्या पळवता, आन वर मलाच इचारतेस?"

निशिगंधा हसून आत शिरली.

डोक्यावरून ट्रेलर जात होते. भिंती थरथरत होत्या. ती मध्यावर आली, आणि…

आवाज थांबला.

सगळाच. गाड्यांचा, हॉर्नचा. तिच्या स्वतःच्या चपलांचासुद्धा.

खांद्यावरचा सम्यक एकदम हलका वाटला… झबलं सुकल्यावर हलकं होतं तसा.

मग अचानक हॉर्न वाजला. पुन्हा सगळं सुरू. ती धावतच बाहेर आली.

घरी सम्यक जागा झाला. रडला नाही.

भूक लागली, तरी रडला नाही. लंगोट ओला झाला, तरी नाही. सोफ्यावरून गडगडला, कपाळाला टेंगूळ आलं.

तरीही नाही.

"शहाणा झाला माझा वाघ!" विनीत खूश. भिवंडीच्या गोडाऊनमधली ड्युटी करून येणारा माणूस, त्याला सलग झोप मिळायला लागली होती. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दृष्ट काढ गं, इतकं गुणी बाळ." डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे.

निशिगंधा मात्र त्याच्या डोळ्यांत बघायची. ते डोळे तिच्याकडे वळायचे. पण तिला बघायचे नाहीत…

सम्यकचं रडणं तिला पाठ होतं. दोनदा टाहो, मग एक उचकी. पुन्हा दोनदा टाहो, पुन्हा उचकी. शेजारचेसुद्धा त्यावरून चिडवायचे.

पुढच्या आठवड्यात ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली कुठेतरी कंटेनर बंद पडला आणि हायवे घटकाभर गप्प झाला.

त्या शांततेत तिला ऐकू आलं.

दोनदा टाहो.

मग… उचकी.

आवाज खालून येत होता. रस्त्याखालून.

तिने मागे वळून पाहिलं. सम्यक सतरंजीवर बसला होता. तोंड मिटलेलं.

त्याला उचलून, मिळाली ती चप्पल पायात घालून ती तशीच धावली. बोगद्यातून पळत पार झाली, थेट कमळाबाईच्या दारात.

"आता कशाला आलीस? आमचं ऐकून तुमचं पोट दुखतं ना?"

"मावशी, पाया पडते. तो… तो तिथे रडतोय."

म्हातारीने सम्यकची हनुवटी धरून वर केली. बघितलं. आणि हात पदराला पुसला.

"जा. हाक मार त्याला. त्याचं नाव घेऊनच मार. बाळा नको, सोन्या नको. सगळ्या आया तेच म्हनतात. आन तिथं पोरं लय हायत."

दार धाडकन बंद झालं.

निशिगंधा सम्यकला छातीशी धरून बोगद्यात शिरली. मध्यावर पोचली, आणि डोक्यावरचे ट्रक पुन्हा गप्प झाले.

रडणं आता अगदी जवळ होतं. हात लांब केला तर लागेल, इतकं. ओल्या भिंतीच्या बुडाशी.

दोनदा टाहो. उचकी.

मी आई आहे, मला विचारा. लेकरू असं रडताना कानावर आलं की डोकं चालत नाही. तोंड चालतं. तिच्या तोंडून तेच निघालं, जे नऊ महिने रोज निघत होतं.

"पिल्लू! आले रे मी… पिल्लू, चल घरी!"

रडणं तुटलं.

आणि तिच्या हातातलं बाळ कळवळून रडायला लागलं.

निशिगंधा तिथेच खाली बसली. त्याचे मुके घेत, हसत, रडत. किती दिवसांनी तो तिच्याकडे बघत होता! खरंच बघत होता. घाबरून.

घरी येईपर्यंत तो रडत होता. घरी आल्यावरही. विनीत कानावर हात ठेवून म्हणाला, "हे काय नवीन? आता सायरन लावलाय का यानं?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं.

लांबलचक एकच सूर. अजिबात न तुटणारा.

उचकी नाही.

ती पुन्हा कमळाबाईकडे गेली. या वेळी म्हातारी ओरडली नाही. तेच जास्त वाईट वाटलं, असं निशिगंधा म्हणते.

"काय म्हनून हाक मारलीस?"

निशिगंधाने सांगितलं.

"मग जो जवळ होता, तो आला."

"मी आत्ता जाते. सम्यक म्हणून बोलावते."

"बोलावशील. पन येयल कुठं तो? एका अंगात दोघं मावतात कं? आधी ह्याला ह्याच्या आईनं बोलवाय पाहिजे. ह्याच्या नावानं."

"कोण आहे ह्याची आई?"

कमळाबाईने हायवेकडे हात केला. गुजरातचे ट्रक, एमपीच्या बस, ठाण्याच्या रिक्षा, कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या. सगळं धडधडत चाललं होतं.

"तुमचाच रस्ता. तुम्हीच शोधा."

परवा मी निशिगंधाकडे गेले होते. माझ्या मुलीला नेलं नाही. ते बाळ गोड आहे, खोटं का बोलू? निशिगंधाला घट्ट धरून झोपतं. ती त्याला थोपटते आणि कान खिडकीकडे ठेवते. विनीतला वाटतं तिला डॉक्टरची गरज आहे.

हल्ली ते रांगत दाराशी जातं. तळहाताने दार बडवतं. आणि म्हणतं…

"दीदी."

निशिगंधाच्या घरात दीदी कुणी नाही. हा शब्द तिथे कुणी बोलतच नाही. मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

म्हणून तुम्हाला विचारतेय. तुमच्या नात्यात, शेजारी, बिल्डिंगमध्ये एखादं वर्षाच्या आतलं बाळ आहे का, ज्याला एक मोठी बहीण आहे? जे हल्ली अजिबात रडत नाही? ज्याचं सगळे कौतुक करतात, की किती शहाणं आहे?

आज त्याला बघून या. जवळ घ्या. ते तुम्हाला बघतंय का, बघा.

नसेल बघत, तर त्याच्या आईला मला मेसेज करायला सांगा. लवकर.

रस्ता गप्प झाला की निशिगंधाला ती उचकी अजून ऐकू येते. पण रोज थोडी बारीक होत चाललीय…