सरकारी वाट्यातला जव

ओपल हॅगनच्या पत्र्याच्या कणगीत डेल रुस्तादनं हात खुपसला. मुठीत गव्हाबरोबर जवाचे दाणे आले.

"हे काय, ओपल?"

"मला काय ठाऊक! मी गहूच भरला होता."

डेल सरकारी जमिनींचा निरीक्षक. निनावी फोन आला म्हणून तो धावत आला होता. अमेरिकेतल्या मोंटानात सरकारी जमीन कसायला घेतली, की सरकारचा वाटा वेगळ्या कणगीत निर्भेळ ठेवायचा. भेसळ सापडली की जमिनीचा भाडेपट्टा गेला. नवरा गेल्यापासून ओपलचं पोट याच पट्ट्यावर होतं. पण चांगला माल स्वतःला आणि गाळ सरकारला, असे साळसूद चेहरे डेलनं ढीगभर पाहिले होते.

त्यानं नमुना काढायची लांब नळी खोल खुपसली. खाली नुसता गहू होता.

"जव वरच्या थरातच आहे. झाकण कुणी लावलं?"

"तेच कळत नाही. गहू गरम होता, वाफ निघून जावी म्हणून मी झाकण उघडंच ठेवून लेकीकडे गेले. माझ्यामागे पाऊस झाला म्हणून जीव टांगणीला! येऊन बघते तर झाकण बंद."

शेजारी जव पिकवणाऱ्या व्हर्न कोलस्टॅडकडे डेल निघाला. ओपलही हट्टानं बरोबर आली.

"सुगीनंतर मी तिकडे फिरकलोही नाही," कणगीतल्या जवाचं विचारताच व्हर्न म्हणाला. "जव काय माझ्याच शेतात पिकतो?"

"जवाचं राहू दे," डेल म्हणाला. " गरम गव्हावर झाकण ठोकणारा कोण गाढव, ते सांग. शेतीतलं ओ की ठो कळत नसेल त्याला."

व्हर्न लालबुंद झाला. "गाढव? काळे ढग डोक्यावर आले होते! उघडं ठेवलं असतं तर अख्खी कणगी कुजली असती!"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"जव शेतातून आला असता तर तळापर्यंत मिसळला असता," डेल शांतपणे म्हणाला. "म्हणजे भरल्यावर कुणीतरी वरून ओतला. पट्टा रद्द झाला की लिलाव, आणि ही जमीन तुझ्या शेताला लागूनच. फोनही तूच केलास. पण हाडाचा शेतकरी तू. पाऊस दिसल्यावर कणगी उघडी टाकून जाणं तुला जमलं नाही."

व्हर्ननं मान खाली घातली.

"मेल्या," ओपल म्हणाली, "माझ्या गव्हाची दया आली तुला, आणि माझी नाही?"