पाणी आलं की सांग

भोरला एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करणं हा मुख्य धंदा, आणि जोडीला पाण्याच्या टाकीचे भोंगे. टाकी भरली की वाजणारे हे भोंगे मी स्वतःच्या हाताने जोडते. त्यात गुंतागुंत काही नसते. स्टीलच्या दोन पिना शेजारी शेजारी बसवायच्या. पाणी दोन्हींना लागलं की वीज एकीतून दुसरीत जाते आणि भोंगा वाजतो. पाणी नसेल तर वाजत नाही. यात चुकायला फारशी जागा नाही, म्हणूनच मला हे काम आवडतं.

गणपती झाल्यावर सोनबा दुकानात आले. साठीच्या पुढचे, उंच, खांद्यावर टॉवेल. नीरा-देवघर धरणाच्या पाण्यावर त्यांची नाव चालते. धरण झालं तेव्हा त्यांची वाडी पाण्याखाली गेली आणि काही घरं वर डोंगराच्या कुशीत येऊन बसली. त्या नव्या वाडीहून रस्त्याने भोरला यायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा पडतो. नावेने पलीकडे उतरलं की एसटी मिळते. दूध, कॉलेजच्या पोरी, बाळंतपणाच्या बाया, सगळं त्या एका नावेवर.

ती नाव श्रावणात बांधल्या जागी बुडाली होती. पावसाचं पाणी साचत गेलं, तळाला कुठेतरी चीर होती तिनेही हात धुऊन घेतले, आणि सकाळी दोराचं टोक तेवढं पाण्यात शिरलेलं दिसलं. ट्रॅक्टर लावून ओढून काढली. चीर बुजवली, इंजिन दुरुस्त केलं.

"टाकी भरली की वाजतं, तसं नाव भराय लागली की वाजनारं कायतरी द्या, ताई," सोनबा म्हणाले. "पुन्यांदा असं नको व्हायला."

मी पुढच्याच आठवड्यात गेले. फायबरची नाव, तळावर लाकडी फळ्या. फळ्यांखाली वीतभर पोकळी, आत शिरलेलं पाणी तिथेच साठतं. मी पिना त्या पोकळीत बसवल्या, भोंगा इंजिनाच्या बाजूला ठोकला आणि एक सिमकार्ड घातलं, म्हणजे नाव काठाला एकटी असताना पाणी आलं तर सोनबांच्या मोबाईलवर मिस्ड कॉल जाईल. मग तांब्याभर पाणी ओतलं. भोंगा वाजला, सोनबांच्या खिशातला मोबाईलही वाजला. स्पंजाने पाणी टिपलं, दोन्ही थांबले.

"शानं हाय की," सोनबा म्हणाले.

परतीच्या पावसात त्या यंत्राने नाव वाचवली. सोनबा मिस्ड कॉल बघून धावत खाली गेले आणि पाणी उपसून आले. मला त्यांनी पिशवीभर रताळी पाठवली.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "ताई, ह्ये उगंच वाजतंय. आत पानी न्हाई, तरी वाजतंय."

मी गेले. सकाळची खेप होती, दुधाचे कॅन आणि चार-सहा माणसं. पाणी एकदम सपाट, काठावरच्या डोंगरांची सावली अर्ध्यापर्यंत आलेली. मधोमध पोचलो आणि भोंगा वाजला. मी फळी उचलली. पोकळी कोरडी होती, तळावरची धूळसुद्धा जागची हलली नव्हती. पिनांना मात्र बोट लावलं तर त्या ओल्या होत्या. नुसत्या दमट नव्हत्या, टोकांवरून थेंब ओघळत होते. नाव पुढे गेली तसा भोंगा थांबला.

खोल पाण्यावरून गार हवा येते, धातूवर दव धरतं, असं मी सोनबांना सांगितलं. ते मलाही पटलं होतं. पिनांवर मी टोपी बसवली आणि परत आले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. मी तारा बदलल्या, भोंगा बदलला, जागा बदलली. भोंगा वाजायचा तो तिथेच, मधोमध, जिथून अलीकडच्या काठावरचा विजेचा खांब आणि मागची खिंड एका रेषेत दिसतात. जाताना वाजायचा, येताना वाजायचा.

शेवटी मी पिना काढून टाकल्या आणि टाकीत असतो तसा प्लास्टिकचा गोळा बसवला. हा पाण्यावर तरंगून वर आला की बटण दाबलं जातं. दवाने गोळा उचलला जात नाही. त्या खेपेला मी फळी उघडीच ठेवली आणि गुडघे टेकून बघत बसले.

खांब खिंडीच्या रेषेत आला. गोळा सावकाश वर आला आणि वरच राहिला. भोंगा वाजू लागला. गोळ्याखाली काहीही नव्हतं, कोरडा तळ दिसत होता. मी बोटाने गोळा खाली दाबला. पाण्यात दाबताना जसा तो हाताला विरोध करतो, तसाच करत होता. मी हात मागे घेतला तेव्हा माझी बोटं पेरांपर्यंत भिजलेली होती आणि पाणी इतकं गार होतं की नखं दुखू लागली.

माझ्यासमोर सगुणाबाई बसल्या होत्या, वाडीतल्या सगळ्यात थोरल्या. त्यांनी पदर सावरला आणि सोनबांकडे न बघताच म्हणाल्या, "सोनबा, ह्याच्या खाली तुझंच घर ना रं?"

सोनबा इंजिनाच्या दांड्याला धरून उभे होते. "व्हय," म्हणाले.

काठाला माणसं उतरून गेल्यावर ते नावेच्या कडेला बसले. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सुरुवात केली.

त्यांची आई धोंडाबाई. म्हातारपणी तिची दृष्टी गेली होती. धरणाचं पाणी पहिल्यांदा चढणार म्हणून वाडीतली माणसं एकेक करून वर निघाली, पण धोंडाबाई घरातून हलेना. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जात्याशेजारी तिची बसायची जागा होती, तिथेच ती बसून राहिली.

"म्हनायची, पानी उंबऱ्याला लागलं की मला सांग. मग म्या माझ्या पायानं उठंन. तवर मला कुनी हात लावायचा न्हाई." सोनबा थांबले. "पानी वावरात आलं तरी उठंना. मग एक दिस तिला ताप भरला. सूद नव्हती. तवा म्या आन रखमाजीनं गोधडीत घालून तिला वर आनली."

रखमाजी म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. ती तापात बेशुद्ध असतानाच त्या दोघांनी जुन्या घराची चौकट काढून वरच्या घराला बसवली. जातंही आणलं. धोंडाबाईचा ताप उतरला तेव्हा ती त्याच चौकटीच्या आत, त्याच जात्याशेजारी होती. तिने हाताने चाचपून पाहिलं आणि गप्प बसली.

"तुम्ही सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"कसं सांगनार? तिला वाटलं आपन घरातच हाय. म्हनलं, ऱ्हाऊ द्या." सोनबा पाण्याकडे बघत होते. "पन रोज इचारायची. पानी आलं का रं? म्या म्हनायचा, न्हाई आये, अजून लांब हाय. एकदा म्हनली, मग नदी गप का झाली? म्या म्हनलं, औंदा पाऊस कमी हाय. जाईपत्तोर इचारत हुती. शेवटच्या दिवशीबी इचारलं. म्या तवाबी न्हाईच म्हनलो."

चांगल्या मनाने केलंत, असं काहीतरी मी म्हणाले. ते शब्द मलाच पोकळ वाटले.

"चांगलं काय त्यात," सोनबा म्हणाले. "तिनं एकच काम सांगितलं हुतं."

मी अजूनही कारण शोधत होते. घरी येऊन मी चुंबक, दाब, तळाशी असलेलं लोखंड, सगळं कागदावर मांडून पाहिलं. त्यातून कोरड्या पोकळीत गोळा उचलला जात नव्हता.

तिकडे वाडीत बोलणं सुरू झालं. माणसं नावेत बसेनाशी झाली. गरोदर बाया वळसा घालून टेम्पोने जाऊ लागल्या, आणि नव्या वाडीपासून मुख्य रस्त्यापर्यंत टेम्पो म्हणजे नुसते हाल. यंत्र काढून टाका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. संक्रांतीच्या सुमारास सोनबांचा फोन आला.

"ताई, यंत्र काढाया या. पन काढायच्या आदी एक खेप माझ्यासंगं करा. मला येकट्याला जमंना."

आम्ही दुपारी निघालो, दोघंच. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. दूर काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून येत होता. सोनबांनी धुतलेला सदरा घातला होता. खांब आणि खिंड एका रेषेत आली तसं त्यांनी इंजिन बंद केलं.

भोंगा वाजू लागला.

मी फळी उचलली नाही. सोनबा दांडा सोडून नावेच्या मधोमध आले आणि खाली बसले, जमिनीवर जेवायला बसतात तसे. भोंगा वाजतच होता. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"आये," ते म्हणाले.

सदऱ्याच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं.

"आये, पानी आलं. उंबऱ्याला लागलं. लई दिस झालं येऊन. म्या सांगितलं न्हाई."

भोंगा थांबला.

म्हशींचा आवाजही थांबला होता, की मलाच ऐकू येईनासं झालं होतं, कोण जाणे. सोनबांनी कडेवरून पाण्याच्या बाजूला हात पुढे केला, तळवा वर करून. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उठायला आधार देतात तसा.

"चल आता," ते म्हणाले.

नाव त्यांच्या बाजूला कलली. मी कडेला धरलं. मग ती हळूच सरळ झाली, पण आधीसारखी नाही. बाहेरून पाण्याची जी हिरवी रेघ नावेवर उमटलेली असते, ती आता दिसत नव्हती. नाव दोन बोटं खाली बसली होती. फळी उचलून मी आत बघितलं. पोकळी कोरडी होती. गोळा तळाला टेकलेला होता.

सोनबांनी इंजिन चालू केलं. काठापर्यंत मी मागे वळून बघायचं टाळलं. काठाला नाव लागल्यावर ते आधी उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि पुन्हा हात पुढे केला. "दमानं. फळी निसरडी हाय." नाव दोन बोटं वर आली. मग ते चढणीची वाट चालू लागले, एरवी चालतात त्याच्या निम्म्या गतीने, दर काही पावलांवर थांबत.

मी यंत्र काढलं नाही. त्यानंतर ते उगाच कधी वाजलं नाही. महिनाभरात माणसं परत नावेत बसू लागली. गोष्ट मिटली असंच मी धरून चालले होते. अजून वाटतं, तेव्हा तळाला एखादी बारीक चीर सापडली असती तर फार बरं झालं असतं.

चैत्रात सिमकार्डाचं काहीतरी बघायला मी पुन्हा गेले. काम झाल्यावर सोनबांनी चहाला घरी नेलं. धरण खूप खाली गेलं होतं, वाट तापली होती, घराच्या अंगणातली माती पायाला चटका देत होती. त्या अंगणात सोनबांची बायको ठकुबाई एक गोधडी पिळत होती. जड गोधडी, एकटीला पिळवेना. मी दुसरं टोक धरलं. भांड्याने ओतावं तसं पाणी निघालं, गार, गाळाचा वास असलेलं. दोरीवर आणखी एक गोधडी वाळत होती.

"एवढं धुणं काढलंत?" मी विचारलं.

"धुनं कुटलं," ठकुबाई म्हणाली. "सकाळी कोरडी घालावी, तर दुपारपत्तोर ही अशी."

सोनबा ओट्यावर बसले होते. संक्रांतीला पाहिलं त्यापेक्षा खूपच थकलेले दिसले.

"सांगाया उशीर केला, ताई," ते म्हणाले. "लई वर्सं पान्यात बसली हुती. वाळाया येळ लागनारच."

मी चहाचा कप हातात धरून बसले. ठकुबाईने दोरीवरची वाळलेली गोधडी काढली, घडी घातली आणि आत गेली. दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत, जात्याशेजारी, जमिनीवर एक गोधडी अंथरलेली मला दिसत होती. मधला भाग ओला आणि काळपट, आणि तिथे खोलगट दाबलेली.

ठकुबाई वाकली.

"आत्याबाई, जरा उठा," ती म्हणाली, आणि थांबली. गुडघे दुखणारं माणूस उठायला जेवढा वेळ घेतं, तेवढा वेळ ती वाकून थांबली.

मग गोधडीतला तो खळगा हळूहळू भरून वर आला.