शेवटी आत आला तो

मुलीचं लग्न झालं ते वर्ष. मी एकसष्ट वर्षांचा होतो, कारखान्यातून निवृत्त होऊन चार महिने झाले होते, आणि सहीपुरतं माझं नाव सोडलं तर मला एक अक्षर येत नव्हतं.

सायकलच्या कारखान्यात अडतीस वर्षं मी फ्रेमवर सोनेरी रेघ ओढली. लांब केसांचा बारीक ब्रश, एका दमात रेघ, मध्ये थांबायचं नाही. कंपनीचं नाव चिकटवायचं असे, ते दुसरा माणूस चिकटवायचा. त्याने ते उलटं लावलं असतं तरी मला कळलं नसतं. कामात वाचायची गरज पडली नाही. बाहेर तशी गरज पडली की मी चष्मा विसरायचो. बायको होती तोवर ती वाचून दाखवायची, ती गेल्यावर मुलगी.

लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं, वडील किती शिकलेत? मुलीने सांगून टाकलं, सातवी. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, त्यांचे वडील छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासायचे. त्यांच्यासमोर काय सांगणार होते मी?"

"सातवी तर सातवी," मी म्हणालो. "मॅट्रिक सांगितलं असतंस तर पंचाईत होती."

दोघंही हसलो.

जावयांच्या एका मित्राने एक खेळ तयार करून छापून घेतला होता. जाड पुठ्ठ्याच्या चौकोनी फरशा एकीला एक जोडत जायच्या, म्हणजे टेबलावर भुयार तयार होतं. चार जणांनी त्यात उतरायचं, फासे टाकून राक्षसांशी लढायचं, तळाची पेटी घेऊन वर यायचं. दार उघडलं की एक कार्ड उचलायचं आणि ज्याने उघडलं त्याने ते मोठ्याने वाचायचं. एका बैठकीत संपलं नाही तर पुढच्या रविवारी जो जिथे असेल तिथून पुढे.

खेळातली माणसं आणि राक्षस बोटभर उंचीचे, राखाडी प्लास्टिकचे होते. जावई म्हणाले, "बाबा, तुमच्यासारखा हात घरात असताना यांनी असंच उघडं फिरायचं का?"

मी रंगवायला घेतले. बाटलीच्या बुचावर एकेक चिकटवायचा, आधी काळा हात द्यायचा, मग पातळ रंगाचे थर. कपड्यांच्या चुण्यांत पाण्यासारखी शाई सोडायची, ती आपोआप खोलात जाऊन बसते. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवायचा, की दगड दगडासारखा दिसतो. भुयाराच्या भिंतींच्या तुकड्यांसाठी मी कारखान्यातला उरलेला निळा वापरला. काळा, पांढरा आणि तो निळा मिळून एक थंड राखाडी झाला. तसा राखाडी बाजारात मिळत नाही. रोज सकाळी खिडकीपाशी बसायचो. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच हाताला काम असल्यासारखं वाटत होतं.

मुलीला कुऱ्हाडवाली मिळाली, जावयांना तिरंदाज, मला ढालवाला बुटका आणि व्याह्यांना कंदील धरलेला म्हातारा.

"म्हातारा मलाच का?" व्याही म्हणाले.

"वयामुळे नाही हो अप्पा," मुलगी म्हणाली. "दिसण्यामुळे."

त्या कंदिलावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. काचेला पिवळा, आणि धरलेल्या हातावर, दाढीच्या एका बाजूवर उजेड पडल्यासारखा फिका पिवळा. व्याह्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "व्याही, हा पेटलेला आहे हो," म्हणाले. इतकी चांगली शाबासकी मला कारखान्यात कधी मिळाली नव्हती.

छापलेलं काहीही हातात आलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. खेळायच्या आधी खोका आठवडाभर घरी ठेवून त्यांनी साठच्या साठ कार्डं तपासली, चुका पेन्सिलने दुरुस्त केल्या, आणि तपासलेल्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बरोबरची बारीक खूण केली. म्हणजे कोणी वेगळं वाचलं तर त्यांना कळणार होतं. पण साठ कार्डं लक्षात कोण ठेवतं, असं मी मनाला सांगितलं.

रविवारी सगळे माझ्या घरी जमत. पहिले चार रविवार माझ्या दारांची कार्डं मुलीने वाचली. "द्या बाबा, मला मजा येते," म्हणायची. पाचव्या रविवारी दुपारी तिला फोन आला आणि ती गच्चीत गेली. डाव माझ्यावर आला, मी दार उघडलं, कार्ड उचललं. चष्मा माझ्या नाकावरच होता.

कार्डावर एका दाराचं चित्र होतं आणि खाली दोन ओळी. व्याही आणि जावई माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "जो सगळ्यात शेवटी आत आला, तो मागे राहील. दार बंद होईल, बरं का."

"बरं का" घाबरल्यामुळे तोंडातून गेलं.

व्याह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कार्ड मागायला हात थोडा पुढे आला, टेबलावर थांबला आणि परत गेला.

"शेवटी मीच होतो," ते म्हणाले. कंदीलवाल्याला त्यांनी त्या खोलीत ठेवलं आणि दाराचा तुकडा स्वतःच लावला. "व्हा पुढे तुम्ही."

"अप्पा, बाहेर यायचा काहीतरी नियम असेलच की," जावई म्हणाले.

"कार्डात आहे ते आहे."

मी ते कार्ड गठ्ठ्यात अगदी मधोमध घातलं. मुलगी परत आली तेव्हा आम्ही दोन खोल्या पुढे गेलो होतो.

पुढच्या रविवारी मी मांडामांड करायला बसलो, तर कंदील विझलेला. दुसरा शब्द मला सुचत नाही. काच राखाडी दिसत होती. रंग पातळ पडला असेल म्हणून मी लगेच पिवळा देऊन वाळवला. व्याही आले. त्यांना दुसरी बाहुली घ्या म्हटलं तर म्हणाले, "नको, मी आहे तिथे बरा आहे," आणि राक्षसांचे फासे टाकत बसले. एक वाजला होता, टेबलावर ऊन होतं. मध्येच म्हणाले, "जरा दिवा लावता का?"

आम्ही हसलो. मग लावला.

त्याच्या पुढच्या रविवारी कंदील पुन्हा राखाडी. नखाने खरवडून पाहिलं, खाली पिवळा नव्हताच. ब्रशच्या रेघा मात्र माझ्याच होत्या. तो राखाडी मी ओळखला. तो भुयाराच्या भिंतींचा होता.

त्या दिवशी निघताना व्याही कपड्यांच्या खुंट्या असलेल्या भिंतीसमोर उभे राहिले आणि तळहाताने भिंत चाचपू लागले. दार हातभर अंतरावर उघडं होतं.

"अहो, इकडे," मी म्हणालो.

"हो हो," ते म्हणाले. "सरकवलंत वाटतं."

त्यांच्या बाहीच्या कडेला भुकटी लागली होती. निळसर राखाडी. आमच्या भिंती पांढऱ्या आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, नजर तिशीतल्या माणसासारखी आहे. घरी ते दिवसाढवळ्या सगळे दिवे लावून बसू लागले. कपडे धुऊन वाळवले तरी त्यांना तळघराचा वास येतो, असं मुलगी म्हणायची. खेळ आम्ही बंद केला. खोका माझ्याकडेच राहिला.

एक वाक्य बोलायचं होतं. मला वाचता येत नाही, त्या दिवशी मी मनाचंच सांगितलं. आरशासमोर ते मला नीट बोलता यायचं. त्यांच्यासमोर बसलो की सातवी आठवायची, आणि मुलगी आठवायची, सासरी खोटी पडलेली. खरं सांगायचं तर मुलगी हे निमित्त होतं. त्यांनी माझ्याकडे त्या कंदिलाकडे पाहिलं तसं पाहावं, एवढंच मला हवं होतं.

मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांच्या सकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. कार्डावर खरोखर काय आहे ते आधी स्वतः बघावं, मग बोलावं, असं ठरवलं. तेही निमित्तच. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माझी पाटी पाहून म्हणाल्या, "आजोबा, अक्षर छापल्यासारखं आहे. आता नुसतं ते काय आहे तेवढं ओळखा." वर्ग हसला, मीही हसलो. बोट ठेवून एक ओळ सलग वाचता यायला नऊ महिने लागले.

मग एका सकाळी खोका उघडला. कार्डं एकेक करून पाहिली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलची खूण होती. दाराच्या चित्राचं कार्ड मधोमध सापडलं. त्याच्या कोपऱ्यात खूण नव्हती.

मी बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण नवशिका माणूस चुकतो.

जो सगळ्यात शेवटी आत आला, तो मागे राहील. दार बंद होईल, बरं का.

कार्ड खिशात घालून मी तसाच मुलीच्या घरी गेलो. अकरा वाजले होते. व्याही त्यांच्या खोलीत पाठ भिंतीला लावून बसले होते, तिन्ही दिवे लावलेले. खूप वाळले होते.

"व्याही का?" ते म्हणाले. "या. जपून, इथे पायरी आहे."

पायरी नव्हती.

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मी कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

"यावर तुमची खूण राहिली आहे," मी म्हणालो.

त्यांनी दिव्याखाली धरून ते वाचलं. प्रुफं वाचत असतील तसं, एकेक अक्षर. मग मान वर केली.

"तुम्हीच सांगा, व्याही," ते हळू म्हणाले. "त्या दिवशी यावर काय होतं?"

ते थांबले. घाई करत नव्हते. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मी मुलीकडे पाहिलं. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

"हेच," मी म्हणालो. "वाचलं तसंच."

"बरं."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, कोपऱ्यात बारीक खूण केली आणि कार्ड मला परत दिलं.

"चूक नाही एकही," ते म्हणाले.

तीन दिवसांनी जावयांचा फोन आला.

व्याही खोलीत जमिनीवर होते. डॉक्टरने हृदय म्हणून लिहिलं. खोलीच्या चारी भिंतींवर छातीच्या उंचीला हाताचे ठसे होते, एकाला एक लागून, राखाडी. दाराच्या चौकटीपर्यंत आलेले आणि तिथून परत फिरलेले. मुलीने ते पुसायला घेतले. मी तिच्या हातातून फडकं घेतलं आणि सगळे मीच पुसले. तो रंग दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू नये असं वाटलं.

आठवड्याने तिने त्यांची एक वही आणून दिली. "खेळाची दिसते आहे. बाबा, आता तुम्हीच वाचा, येतं तुम्हाला." ती कौतुकाने म्हणाली.

वहीत साठ कार्डांच्या चुका ओळीने लिहिल्या होत्या. एकेचाळीसपाशी त्यांनी कार्डाचा सगळा मजकूर उतरवला होता, बारीक, स्वच्छ अक्षरात. सगळे आत येईपर्यंत दार धरून ठेवा. कोणालाही मागे सोडू नका. त्याखाली त्या पाचव्या रविवारची तारीख, आणि पुढे एवढंच: व्याह्यांनी वेगळं वाचलं. विचारू नये.

"काय लिहिलंय?" मुलीने विचारलं.

"चुका आहेत," मी म्हणालो. "छपाईच्या."

खोका कपाटात आहे. मध्ये एकदा उघडला होता. कंदील पिवळा आहे, हातावर, दाढीवर उजेड आहे, मी पहिल्यांदा दिला होता तसाच. माझ्या ढालवाल्या बुटक्याचं तोंड मात्र राखाडी झालं आहे. मी ते पुन्हा रंगवलेलं नाही.

माझे व्याही, छापखान्यातले मुद्रितशोधक, मुलीच्या लग्नाला दीड वर्ष झालं त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास वारले. खोलीचं दार सताड उघडं होतं.